एका झाडाची बाग

आमच्या गल्लीत मला कोणी नावानं ओळखत नाही. विश्वजित कर्णिक हे नाव जपानी जिभेला पेलत नाही, हे मी समजू शकतो. ऑफिसात त्यामुळेच माझा ‘बिशू-सान’ झाला आणि मी तक्रार केली नाही. पण गल्लीतली माणसं मला ‘गुरेपुफुरूत्सु-सान’, म्हणजे ग्रेपफ्रूटराव, म्हणतात, आणि तेही हळू आवाजात, आमच्या घरात कोणी आजारी असल्यासारखं. कचऱ्याच्या दिवशी पिशव्या घेऊन भेटणारे लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या मागच्या अंगणाकडे बघतात आणि मान हलवतात. ज्या ग्रेपफ्रूटच्या झाडापायी ही बदनामी झाली ते एकच होतं आणि जेमतेम माझ्या कमरेला लागत होतं. एवढ्याशा झाडानं माणसाचं किती वाटोळं करावं?

त्याआधी आम्ही टोकियोच्या हिगाशी-कसाईत राहायचो. तिथं लिफ्टमध्ये मराठी ऐकू येतं, खालच्या दुकानात कढीपत्ता मिळतो आणि माझी बायको प्रणिता रोज संध्याकाळी मैत्रिणीबरोबर, दिपालीबरोबर, नदीकाठी फिरायला जाऊन घरी येईपर्यंत अर्ध्या टोकियोची खबर आणायची. मग माझी नोकरी त्सुकुबाला हलली. त्सुकुबात रस्ते रुंद आहेत, हवा स्वच्छ आहे आणि माणसं संशोधक आहेत, त्यामुळे कोणी कोणाशी उगाच बोलत नाही. भाड्याचं घर बघायला गेलो त्या दिवशी प्रणिता स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, “इथं मी दिवसभर करू काय?”

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. मागं चांगली मोकळी जमीन होती. “बाग करू,” मी म्हणालो. बागकामाचा माझा अनुभव कसाईच्या बाल्कनीतल्या तुळशीपुरता होता, आणि ती दर हिवाळ्यात मरायची. पण मोकळी जमीन बघितली की मध्यमवर्गीय माणसाच्या अंगात काहीतरी संचारतं, त्याला इलाज नाही.

प्रणितानं त्या जमिनीकडे बघितलं. मग म्हणाली, “घराचा करार दोन वर्षांचा आहे ना? तो संपायच्या आत या बागेतलं एक फळ माझ्या हातावर ठेव. ठेवलंस तर मी कसाईचं नाव काढणार नाही. नाहीतर आपण परत जायचं.”

तिला फळझाडांची इतकी ओढ असेल हे इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला भरून आलं. मी तिथल्या तिथं कबूल केलं.

आता सरळ बुद्धीच्या माणसानं युझू म्हणजे इथलं लिंबू लावलं असतं. काकी म्हणजे पर्सिमन लावलं असतं, जे गल्लीतल्या प्रत्येक अंगणात कोणी न विचारता वाढत असतं. पण जे सगळ्यांकडे आहे ते लावण्यात कर्तृत्व कसलं? शिवाय प्रणिता रोज सकाळी अर्धं ग्रेपफ्रूट तिखट-मीठ लावून खाते. रोपवाटिकेत मला ग्रेपफ्रूटचं कलम दिसलं, त्याला डोक्याएवढ्या फळाचा फोटो लटकवलेला होता, आणि माझा निर्णय झाला. फोटोखाली काहीतरी लिहिलं होतं. माझं जपानी वाचन स्टेशनांच्या नावांपाशी थांबतं, म्हणून मी अबोलीला विचारलं. अबोली आमची मुलगी, तिसरीत आहे, आणि आम्ही मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीत देते. ती म्हणाली, “याला उबदार गाव लागतं असं लिहिलंय.”

“लिहितात असं,” मी म्हणालो. “नंतर लोकांनी तक्रार करू नये म्हणून.”

झाड लावताना शेजारचे ओनुमा-सान कुंपणापाशी आले. हे निवृत्त गृहस्थ, दिवसभर मुळ्याच्या वाफ्यात असतात. त्यांनी झाड कोणतं म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान एका बाजूला कलती केली, दातांतून हवा आत ओढत एक लांबलचक ‘सा...’ काढला आणि झाडाकडे बघत राहिले. मला वाटलं, भारावले. वास्तविक ऑफिसातल्या मीटिंगमध्ये हाच आवाज ऐकून माझे कितीतरी प्रस्ताव मेलेले आहेत. जपानी माणूस तोंडानं नाही म्हणत नाही, तो हवा आत घेतो, हे मला पाठ आहे. पण स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हातात फावडं असताना ते आठवत नाही.

उन्हाळा बरा गेला. नोव्हेंबरात झाडाची पानं गळपटली आणि मी निफाडला सासऱ्यांना फोन लावला. माझे सासरे पंढरीनाथराव द्राक्षबागायतदार. निफाडची माणसं थंडीच्या बाबतीत कोणाचं ऐकून घेत नाहीत. राज्यात पारा सगळ्यात खाली गेला की पेपरात निफाडचं नाव येतं, आणि तो दिवस त्यांच्या घरात मुलगा बोर्डात आल्यासारखा साजरा होतो.

“किती उतरतं तुमच्याकडं, जावईबापू?” त्यांनी विचारलं.

“उणे सहा, सात.”

“उणे?” त्यांनी मला आकडा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाले, “मोजण्यात चुकत असतील ते लोक.”

“बाबा, पण द्राक्षाचा वेल वेगळा आणि हे—”

“थंडी ती थंडीच. पहाटे बागेत धूर करा. ओला पाला जाळा, वर गोवऱ्या टाका. धुराचं पांघरूण झालं की झाडाला काही होत नाही. आमची हयात गेली त्यात.”

त्सुकुबात गोवऱ्या मिळत नाहीत. बाकी सगळं मी सांगितल्याबरहुकूम केलं. दव पडलेला पाला गोळा करून बार्बेक्यूच्या शेगडीत पेटवला, आणि खरं सांगतो, धूर अप्रतिम झाला. तो झाडावर मात्र थांबला नाही. कुंपण ओलांडून तो नेमोतोबाईंकडे गेला, ज्या जपानातल्या सगळ्या गृहिणींप्रमाणे उजाडायच्या आत कपडे वाळत घालतात. थोड्या वेळानं आमच्या गल्लीत अग्निशमन दलाची गाडी शिरली. तिच्यातून उतरलेल्या पाच-सहा जणांनी मला वाकून सुप्रभात म्हटलं आणि माझी शेगडी विझवली. इतक्या नम्रपणे माझा अपमान आजवर कोणी केला नव्हता.

उघड्यावर जाळ करण्यास मनाई आहे, तेव्हा महापालिकेच्या कचेरीत जाऊन समजून घ्या, असं मला सांगण्यात आलं. तिथं पर्यावरणाच्या खिडकीनं मला शेतीच्या खिडकीकडे पाठवलं. शेतीच्या खिडकीतल्या तरुण बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की शेतकऱ्याला शेतीच्या कामासाठी थोडाफार जाळ करायची मुभा असते. माझा जीव भांड्यात पडला.

“मी शेतकरीच आहे,” मी म्हणालो. “फळबाग आहे माझी.”

“किती झाडं?”

“एक.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी विचारलं, “बाग म्हणायला किती झाडं लागतात?” त्या आत साहेबांना विचारायला गेल्या. साहेब आणखी आतल्या साहेबांना विचारायला गेले. शेवटी तिघंही एका रांगेत बाहेर आले, वाकले, आणि साहेब म्हणाले, “असं आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही, म्हणून आमच्याकडे आकडा नाही. पण एका झाडाची बाग होत नाही.”

त्यानंतर गल्लीची माफी मागणं आलं. इथं माफी रिकाम्या हातानं मागत नाहीत, खाऊचा डबा द्यावा लागतो. प्रणितानं बेसनाचे लाडू केले आणि आम्ही दारोदार गेलो. नेमोतोबाईंच्या दारात तर ती लाडू म्हणजे काय, बेसन म्हणजे काय, हे मोडक्यातोडक्या जपानीत आणि हातवारे करून इतका वेळ सांगत उभी राहिली की माझे पाय दुखायला लागले. “एका लाडवाचं एवढं काय बोलायचं?” मी घरी येऊन म्हणालो. ती डबा घासायला घेऊन गेली.

धूर बंद झाल्यावर कपडे उरले. मी झाडाला आधी पॅकिंगचं प्लॅस्टिक गुंडाळलं, त्यावर प्रणिताची जुनी शाल, त्यावर माझं पिसांचं जाकीट, चेन वरपर्यंत लावून. शेंडा उघडा राहत होता. आईनं पुण्याहून पाठवलेली खाकी माकडटोपी कपाटात पडून होती, ती नेमकी बसली. आता ही टोपी महाराष्ट्रात घातली तर लोक ‘सर्दी झाली का?’ एवढंच विचारतात. जपानात तिचा अर्थ बँक लुटायला निघालेला माणूस असा होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी चौकीतला पोलीस आला. थंडीत एक इसम अंगणात बसून आहे, जेवत नाही, हलत नाही, अशी नेमोतोबाईंनी काळजीनं खबर दिली होती. मी दार उघडून बाहेर येईपर्यंत पोलीस झाडाला ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणाला होता. उत्तर आलं नाही म्हणून तो जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाला. मग त्यानं माझं रेसिडेन्स कार्ड बघितलं, झाडाची टोपी वर करून बघितली, पुन्हा नीट बसवली आणि हळूच विचारलं, “हे तुमचं धार्मिक काही आहे का?”

मला थंडी वाजत होती, आणि ‘नाही’ म्हटलं असतं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. मी ‘हो’ म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर झाडासमोर एका बशीत संत्रं ठेवलेलं. नेमोतोबाईंनी ठेवलं होतं, भक्तिभावानं. माझ्या फळझाडापुढे दुसऱ्याच्या झाडाचं फळ!

तरी ते झाड जगलं. पानं अर्धी राहिली, पण वसंतात नवी फुटली, आणि ती फुटल्याबरोबर त्यावर सुरवंट आले. मी चिमटा घेऊन गेलो तर अबोली आडवी आली. हे फुलपाखराचे सुरवंट आहेत, आम्हाला शाळेत पाळायचेत, असं तिनं जपानीत रडत सांगितलं. तिच्या वर्गानं ते नेले. वर्गात नेल्यावर त्यांना खायला लागतं, आणि ते फक्त याच जातीच्या झाडाची पानं खातात. मग दररोज सकाळी माझी मुलगी दप्तरातून माझ्या बागेचा डहाळी-डहाळीनं नाश करत शाळेत जाऊ लागली. शेवटी फुलपाखरं उडाली तेव्हा वर्गशिक्षिकेनं मला आभाराचा फोन केला. मी म्हणालो, “माझंच भाग्य.” दुसरं काय म्हणणार?

आणि एवढ्यातून, कसं कोण जाणे, जूनमध्ये झाडाला एक फळ धरलं. वाटाण्याएवढं. मी त्याचा फोटो कसाईच्या ग्रुपवर टाकला आणि तिकडं जो गोंधळ उडाला तो काय सांगू! ‘बाळ कसं आहे?’ म्हणून रोज मेसेज. दिपालीनं तर झाडाचं डोहाळजेवण करायचं ठरवलं. एका रविवारी ग्रुपमधल्या चौघी-पाचजणी डबे घेऊन ट्रेननं आल्या. फांदीत हिरव्या बांगड्या घातल्या, बुंध्याशी ओटी भरली, बर्फी का पेढा विचारून मोठ्यानं हसल्या. ओनुमा-सान कुंपणावरून बघत होते, त्यांनाही पुरणपोळी मिळाली. प्रणिता त्या दिवशी इतकी हसली, इतकी बोलली, की संध्याकाळी तिचा आवाज बसला. स्टेशनवर त्यांना सोडून आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. झाडानं माझ्या बायकोला केवढा आनंद दिला, असं मी मनात म्हणालो आणि झाडाला जास्तीचं खत घातलं.

फळ पुढं लिंबाएवढं झालं आणि तिथंच थांबलं. ऑगस्ट गेला, ऑक्टोबर गेला, ते हिरवंगार, तेवढंच. त्याला पिकायला जे ऊन लागतं ते त्सुकुबात येतं आणि लगेच जातं. मी रोज ऑफिसला निघताना ते बघायचो. खोटं कशाला सांगू, आता मला ग्रेपफ्रूटची नाही, करार संपणाऱ्या मार्चची भीती वाटत होती. ही नोकरी मला आवडत होती. सायकलनं दहा मिनिटांत ऑफिस, अबोलीची शाळा जवळ, पहाटे पक्षी. कसाईला परत जायचं म्हणजे रोज ट्रेनमध्ये आयुष्य घालवायचं. माझं सगळं त्या एका हिरव्या गोळीवर लटकलं होतं.

डिसेंबरात पहिलं कडक हिंव पडलं आणि सकाळी फळ जमिनीवर होतं.

मी ते धुऊन, पुसून प्रणिताच्या हातावर ठेवलं. “फळ,” मी म्हणालो. “करारात पिकलेलं पाहिजे असं म्हटलं नव्हतं.”

तिनं ते कापलं. आत साल होती आणि सालीच्या आत आणखी साल. “तू खाऊन दाखव,” ती म्हणाली. मी खाल्लं. घास गिळवेना आणि थुंकायचं म्हटलं तर अभिमान आडवा येत होता. तसाच तोंडात धरून मी बाथरूममध्ये गेलो आणि तिथं टबाच्या काठावर बराच वेळ बसून राहिलो.

आता करार संपायला थोडेच आठवडे उरले होते, आणि अशा वेळी माणूस वाटेल ते ऐकतो. मी ओनुमा-सानांना विचारलं. त्यांनी पुन्हा हवा आत ओढली, पण या वेळी एक उपाय सांगितला. जानेवारीच्या मध्याला त्यांच्याकडे जुनी पद्धत आहे. फळ न देणाऱ्या झाडाला एकानं कोयता दाखवायचा आणि दरडावून विचारायचं, ‘फळ देणार की नाही? नाही दिलंस तर तोडीन.’ दुसऱ्यानं झाडामागं उभं राहून झाडाच्या वतीनं म्हणायचं, ‘देईन, देईन.’ मग बुंध्याला लाल चवळीची पेज लावायची. झाड घाबरतं आणि पुढच्या मोसमात लगडतं. “माझी बायको होती तोवर ती झाड व्हायची,” ते म्हणाले. “छान व्हायची.”

म्हणजे ज्या दिवसांत आपण तिळगूळ देऊन गोड बोला म्हणून विनवतो, त्याच दिवसांत हे लोक झाडाला कोयता दाखवतात. पण मला वाटलं, पुढच्या मोसमाची झाडाकडून हमी मिळाली तर प्रणिताकडे एक वर्षाची मुदत मागता येईल. मी प्रणिताला विचारलं, झाड होशील का? तिनं तिळाच्या वड्या थापता थापता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “होते.”

रविवारी सकाळी सगळे जमले. ओनुमा-सान कोयता घेऊन आले, नेमोतोबाई पेजेचं भांडं घेऊन आल्या, अबोली मोबाईल घेऊन शूटिंगला उभी राहिली. अंगणात रात्रीचं हिंव अजून तसंच होतं. प्रणिता शाल पांघरून झाडामागं उभी राहिली. झाड कमरेएवढं, त्यामुळे ती पूर्ण दिसत होती. मी विचारलं, जपानीत बोलायचं का? ओनुमा-सान म्हणाले, “झाड तुमच्या घरचं आहे. तुमच्या भाषेत दम द्या.”

मी कोयता उगारला. लोक बघत असल्यामुळे आवाज जरा जास्तच चढला. “बोल! फळ देणार की नाही?”

झाड गप्प.

“प्रणिता, देईन म्हण,” मी दबक्या आवाजात म्हणालो.

ओनुमा-सानांनी खूण केली, पुन्हा विचारा. “शेवटचं विचारतो!” मी ओरडलो. “देणार की नाही?”

“मला इथं फार थंडी वाजते,” प्रणिता म्हणाली.

मला वाटलं गंमत करतेय. मी हसलोसुद्धा. पण ती पुढं बोलत राहिली, माझ्याकडे सरळ बघून. “तू सकाळी जातोस, अबोली शाळेत जाते. मग संध्याकाळपर्यंत मी एक शब्द बोलत नाही, विश्वजित. या झाडाशी बोलते. त्याला विचारते, आज काय भाजी करू. मला नाही जमत इथं. मी खूप प्रयत्न केला, पण नाही जमत.” तिचा आवाज चिरकला आणि तिनं शालीचा पदर तोंडाला लावला.

माझा हात तसाच वर राहिला होता. अबोलीनं मोबाईल खाली केला. जपानी मंडळींना मराठी कळत नव्हतं. ओनुमा-सानांनी वाट बघून विचारलं, “झाड काय म्हणालं?”

“थंडी वाजते म्हणतं,” मी सांगितलं. “परत जायचंय म्हणतं.”

ओनुमा-सान गोंधळले. त्यांनी नेमोतोबाईंकडे बघितलं, मग मला समजावलं, “असं उत्तर नसतं. झाडानं देईन म्हणायचं असतं.”

मी कोयता त्यांच्या हातात परत दिला आणि प्रणिताकडे गेलो. तिची शाल नीट केली. शेवटी म्हणालो, “कसाईला दिपालीला फोन कर. कुठं फ्लॅट रिकामा होतोय का बघायला सांग.”

“बघितलाय,” ती म्हणाली. “तिच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर. एप्रिलपासून मिळेल. ऑक्टोबरातच बोलून ठेवलं होतं.”

ऑक्टोबरात! माझा चेहरा काय झाला असेल ते नेमोतोबाईंच्या चेहऱ्यावरून मला कळलं. “मग मला सांगितलं का नाहीस?”

“विचारलंस कुठं?” प्रणिता डोळे पुसत म्हणाली. “आज विचारलंस. तेही झाडाला, कोयता घेऊन.”